रोजच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात पाहुण्याला बोलते कसे करावे?

म्हापशेकरीण (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. येत्या महिन्यापासून गोव्यातील एका प्रादेशिक नभोवाणीवर सोमवार ते शनिवार, सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळात मराठी गप्पांचा थेट कार्यक्रम माझ्याकडे येत आहे. एके दिवशी आमदार किंवा मंत्री, दुसऱ्या दिवशी लेखक अथवा नाट्यकर्मी, तिसऱ्या दिवशी गावातील एखादी जाणती व्यक्ती, असे पाहुण्यांचे वेळापत्रक साधारण ठरले आहे. आजवर मी गाण्यांच्या कार्यक्रमांचे निवेदन केले. दोन गाण्यांच्या मध्ये चार वाक्ये बोलणे वेगळे आणि समोरच्या माणसाला तासभर बोलते ठेवणे वेगळे, हे मला तालमीच्या पहिल्याच दिवशी कळून चुकले.

तालमीसाठी घेतलेल्या तिन्ही मुलाखती फसल्या, आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी होती. एका राजकीय पाहुण्याला मी खाणबंदीविषयी मत विचारले, तेव्हा ते सलग अकरा मिनिटे बोलले आणि त्या अकरा मिनिटांत खाण हा शब्द दोनदाच आला. एका कवींना लेखनाची प्रेरणा विचारली, तर त्यांनी इतके सौम्य स्मित केले की मलाच ओशाळल्यासारखे झाले. तिसरे पाहुणे खाजन शेतीतील, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीतील, मानस (बांधातले पाण्याचे दार) सांभाळणारे, साठीच्या घरातले गृहस्थ. त्यांनी माझ्या वीस प्रश्नांना ‘होय’, ‘नाही’ आणि ‘तसेंच तें’ एवढ्यात उत्तरे दिली, त्यामुळे सात मिनिटांत माझा कागद संपला.

रोज नवा माणूस आणि तयारीला जेमतेम एक संध्याकाळ, अशा स्थितीत जाणकार नेमके काय करतात? शिवाय पाहुणा बोलता बोलता कोकणीत शिरला, तर मी मराठीतच राहावे की त्याच्यामागे जावे?

जुना उद्घोषक

ताई, अभिनंदन. मी पणजीला आल्तिनोवरच्या आकाशवाणी केंद्रात बरीच वर्षे आधी नैमित्तिक आणि मग नियमित उद्घोषक होतो, त्यामुळे आपल्या तिन्ही तऱ्हा माझ्या अंगावरून गेल्या आहेत.

राजकीय पाहुण्यांपासून सुरुवात करतो, कारण नवा मुलाखतकार त्यांनाच सर्वांत जास्त घाबरतो आणि बहुधा चुकीच्या कारणाने घाबरतो. हा पाहुणा बोलणार नाही ही भीती कधीच नसते. तो सभेत बोलतो तेच आपल्या माईकसमोर बोलेल, ही खरी अडचण असते. ‘आपले मत काय?’ हा प्रश्न म्हणजे त्याच्या हाती आयता दिलेला ध्वनिक्षेपक होय. आपल्याच विषयाचे उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द ठरवले आणि उत्खननाला १५ मार्चपर्यंतच मुदत दिली. समोर डिचोली, साखळी किंवा सांगे भागातील लोकप्रतिनिधी असेल, तर त्याला विचारा: ‘१६ मार्चच्या सकाळी आपल्या दारात सर्वांत आधी कोण आले आणि त्याने काय मागितले?’ या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. ट्रकमालक आला होता की बार्जवरचा कामगार, त्याचे कर्जाचे हप्ते किती थकले होते, आपण त्याला काय सांगितले, असे एकेक सांगावे लागते, आणि ते सांगताना माणसाचा आवाजही सभेतला राहत नाही. त्यानंतर धोरणाचा प्रश्न विचारलात तरी तो जमिनीवर येऊनच उत्तर देतो.

यासाठी संध्याकाळी पंचवीस प्रश्न लिहीत बसू नये. पाच तारखा, दोन आकडे आणि तीन गावांची नावे पाठ असली की पुरे. म्हादई नदीच्या पाणीतंट्यावर बोलायचे असेल, तर जलविवाद लवादाचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ चा, एवढे तरी जिभेवर हवे. पाहुण्याने वर्ष चुकवले की शांतपणे योग्य वर्ष सांगावे आणि पुढे जावे. त्यानंतर तो आकडे जपून फेकतो, असा माझा अनुभव आहे.

मध्येच थांबवायचे कसे, हे आपण विचारलेले नाही, पण विचाराल. माझ्याकडे एकदा एक पाहुणे चार पानांचे टंकलिखित भाषण घेऊन आले होते. थेट प्रक्षेपण होते, लाल दिवा लागला होता आणि कागद उलटल्याचा आवाज अर्ध्या गोव्याला ऐकू जात होता. मी त्यांच्या वाक्याच्या शेवटाची वाट पाहत बसलो, आणि भाषण लिहिणाऱ्याने वाक्य संपणारच नाही याची काळजी घेतलेली होती. तेव्हापासून मी श्वासाची वाट पाहू लागलो. माणूस श्वास घेतो तेव्हा त्याचे नाव घेऊन ‘अमुकराव, येथेच एक क्षण’ असे म्हटले की तो थांबतो. नाव आधी उच्चारायचे, प्रश्न नंतर विचारायचा. उलट केले तर दोघांचे आवाज एकमेकांवर चढतात आणि घरी बसलेल्याला काहीच कळत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत कोणत्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करण्यास मनाई आहे. खाजगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसते, आकाशवाणीचे बातमीपत्र मात्र जसेच्या तसे ऐकवता येते. आपले केंद्र यांपैकी कोणत्या चौकटीत बसते, हे पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्या. निवडणुकीच्या काळात, विशेषतः मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत, उमेदवाराला आमंत्रण गेलेले असले तर ते रद्द करण्याची अवघड जबाबदारी निवेदकाच्याच गळ्यात पडते.

सत्तरी तालुक्यातला श्रोता

मी तज्ज्ञ नाही, पण चाळीस वर्षे रेडिओ ऐकतो आहे, म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो.

साडेआठ वाजता आमच्या घरात रेडिओसमोर कोणी बसलेले नसते. चुलीपाशी पत्नी असते, मी गोठ्यात असतो, मुलगा वाळपईची बस गाठण्याच्या गडबडीत असतो. कार्यक्रम सुरुवातीपासून ऐकणारे थोडे आणि मध्येच कानावर पडला म्हणून थबकणारे पुष्कळ. म्हणून दर आठ-दहा मिनिटांनी पाहुण्याचे नाव, गाव आणि विषय एका वाक्यात पुन्हा सांगावा. नाहीतर आम्ही अर्धा तास एका आवाजाशी वाद घालतो आणि तो कोणाचा हे शेवटी कळते.

भाषेबद्दल म्हणाल तर मला त्यात अडचण अशी दिसतच नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापराचीही तरतूद केली. त्यावरून जे वाद झाले ते आम्ही पाहिले आहेत. पण आमच्या ओसरीवर माणूस वर्तमानपत्र मराठीत वाचतो आणि त्यातल्या बातमीवर भांडतो कोकणीत. पाहुणा कोकणीत शिरला, तर शिरू द्यावे. आपण मराठीत प्रश्न विचारत राहावे आणि एखादा शब्द फारच स्थानिक असेल तर पुढच्या प्रश्नात त्याचा अर्थ सहज गुंफावा. त्याला ‘कृपया मराठीत सांगा’ असे मात्र कधीही म्हणू नये. एका कार्यक्रमात धालो या बायकांच्या लोकनृत्याविषयी बोलणाऱ्या वृद्ध बाईंना निवेदकाने तसे सांगितले, आणि त्यानंतर त्या जे बोलल्या ते शाळेतल्या धड्यासारखे झाले.

फोंड्याचा लेखक

आपल्या कवींच्या स्मिताचा अर्थ मी सांगू शकतो, कारण तसे स्मित मीही अनेकदा केले आहे. त्याचा अर्थ एवढाच, की समोरच्या व्यक्तीने पुस्तक उघडलेले नाही.

रोज एक पुस्तक वाचून होणार नाही, हे लेखकालाही कळते आणि त्याबद्दल त्याची तक्रार नसते. पण संग्रहातील एक कविता, कथासंग्रहातील एक कथा किंवा कादंबरीतील मधलीच पंधरा पाने नीट वाचणे एका संध्याकाळीही शक्य आहे. प्रस्तावना आणि मलपृष्ठ यांवरून प्रश्न काढू नयेत, कारण तेवढे सर्वांनीच वाचलेले असते. माझ्या एका कथेत पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवण्याचा प्रसंग आहे. एका तरुण निवेदकाने मला विचारले, की त्या बाईने खारवलेल्या बांगड्यांचे डबे मोजताना सातावर का थांबावे? त्या प्रश्नाने मी आजीच्या कोठीत जाऊन पोहोचलो आणि पुढची वीस मिनिटे त्याला काही विचारावेच लागले नाही. बाकीचे पुस्तक त्याने वाचलेले नव्हते, हे त्याने स्वतःच प्रारंभी सांगून टाकले होते. मला त्याचे काहीही वाईट वाटले नाही.

लेखकाला त्याच्या पुस्तकातील एक परिच्छेद अवश्य वाचायला लावा, मात्र कोणता ते आधी फोनवर ठरवा. आयत्या वेळी लेखक नेहमी सर्वांत लांब परिच्छेद निवडतो. याला मीही अपवाद नाही.

जाता जाता: बा. भ. बोरकरांसारखा कवी आकाशवाणीच्या नोकरीत होता, तेव्हा कवी आणि माईक यांचे आपल्याकडे जुने नाते आहे. ते प्रेरणेच्या प्रश्नावर वाया घालवू नये.

म्हापशेकरीण

सर्वांचे मनापासून आभार, देव बरें करूं. ‘दारात आधी कोण आले’ हा प्रश्न मी चोरणार आहे. पण मानशीवरच्या काकांचे काय? त्यांना भाषणही येत नाही आणि त्यांचे पुस्तकही नाही. स्टुडिओत ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसून होते.

जुना उद्घोषक

खुर्चीच्या कडेवर बसलेला पाहुणा म्हणजे अर्धा उठून गेलेला पाहुणा. अशा माणसाला कार्यक्रमाच्या निदान पाऊण तास आधी बोलवा आणि चहा स्टुडिओबाहेर, आपल्या हाताने द्या. त्या वेळी मुलाखतीतला एकही प्रश्न विचारू नका, नाहीतर चांगले ते सर्व तो चहावरच सांगून टाकतो आणि आत गेल्यावर ‘मघाशी सांगितले तसेच’ म्हणतो. माईक एक वीत अंतरावर, तोंडाच्या किंचित बाजूला ठेवा, म्हणजे प आणि भ फुटत नाहीत. हातात काहीतरी असू द्या. जाळे विणणाऱ्याला दोरा दिला, तर तो विणत विणत बोलतो, आणि ती बारीक खसखस ऐकायला मुळीच वाईट लागत नाही.

आपण त्यांना विचारले असेल, ‘खाजन शेतीचे महत्त्व काय?’ हा त्यांचा प्रश्नच नव्हे, तो शाळेच्या निबंधाचा विषय आहे. त्यांना विचारा, आज भरती किती वाजता होती आणि काल किती वाजता होती. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे आपल्याला पुस्तकातून कळते, त्यांना ते झोपेच्या मोडणीतून कळते. मानशीची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी ती उघडते. मग फळीला भेग पडली तर रात्री कसे ओळखता? खारे पाणी शेतात शिरले, तर कोरगूट (तिथला खारे पाणी सोसणारा भात) किती सोसतो? मानशीवरच्या मासळीची पावणी (लिलाव) यंदा कोणी घेतली? या प्रश्नांना ‘होय’ किंवा ‘नाही’ हे उत्तरच नाही.

आणि ते गप्प झाले, तर आपणही तीन सेकंद गप्प राहा. गाण्यांच्या कार्यक्रमात शांतता म्हणजे चूक, म्हणून आपला हात लगेच आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरकडे जाईल. तो मांडीवर ठेवा. अशी माणसे बहुधा थांबल्यानंतरच मुद्द्याचे बोलतात.

म्हापशेकरीण

काल काकांना फोन केला आणि भरती एवढीच विचारली. चाळीस मिनिटे बोलणे झाले. भेग पडली की पाण्याचा आवाज ‘फुसफुसतो’, असे ते म्हणाले, आणि तो आवाज तोंडाने काढूनही दाखवला. पहिल्याच आठवड्यात त्यांना बोलवावे असे मनात होते, पण आम्ही दिलेली तारीख तृतीयेची निघाली. ‘तृतीयेक साडेआठांक ओहोटी आसता बाये, जाळें कोण पळयतलो? एकादशीक आपय,’ असे सांगून त्यांनी फोन ठेवला. तेव्हा काका एकादशीला, आणि तृतीयेला त्यांच्या जागी आमदारसाहेब.