तरवडाचं बी उगवंना, काय चुकायलंय?

बालाघाटवाला:
नमस्कार मंडळी. अंबाजोगाईजवळ रान हाय आमचं, दोन वर्षं झाली कांद्याचे डोंगळे लावायलो बियाण्यासाठी. औंदा डोंगळे चांगले फुलले पण मधमाशीच दिसंना, आन माशी नाही तर बी भरतच नाही. बांध सगळे मीच तणनाशक मारून साफ केलते, आता लई वाईट वाटतंय. म्हणून ठरवलं बांधावर आपलीच झाडं परत आणायची, दरसाल पेरायची गरज नाही अशी. माळावरून तरवडाच्या, म्हणजे त्या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या, वाळल्या शेंगा आणल्या, मृगाच्या पावसावर दोनशेक बिया टोकल्या, उगवल्या फक्त ११. बी खराब का माझं चुकलं?

काळीमाती:
बी खराब नसंल दादा. तरवडाच्या बीचं कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही, मग ते तसंच पडून राहतं, त्यातलं काही पुढच्या पावसाळ्यातबी उगवंल. पाणी उकळून खाली उतरवा, दोन-तीन मिनिटांनी त्यात बी टाका आन रातभर राहू द्या. सकाळी फुगलेलं तेवढं पेरायचं, न फुगलेलं परत गरम पाण्यात. बी थोडंच असंल तर पॉलिश पेपरवर एका बाजूनं हलकं घासलं तरी जमतं. पिशवीत रोप जास्त दिवस ठेवू नका, सोटमूळ खाली जातं. पाणी साचणारी काळी नको, मुरमाड बांध बघा.

रानफूल परभणी:
बरोबर, पण दादा नुसत्या तरवडावर भागणार नाही. त्याच्या फुलात मध नसतोच, नुसते परागकण, तेबी परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं त्यातून बाहेर पडतात. मोठा काळा भुंगा फुलाला धरून गुणगुणतो ना, त्या थरथरीनं ते झडतात, आपल्या सातेरी माशीला, म्हणजे पोळं करणाऱ्या देशी मधमाशीला, ते जमत नाही. म्हणून सोबत निरगुडी आन कोरांटी लावा, त्यांच्यावर मध मिळतो. कोरांटीची बोंडं वाळली की तडकून बी उडून जातं, आधीच कापडाची पुरचुंडी बांधून ठेवा. आन ऑनलाइन रानफुलांचं मिक्स बी मिळतं ते घेऊ नका, मी मागवलं तर निम्मा कॉसमॉसच निघाला, तो मेक्सिकोकडचा.

आग्यामोहोळ:
बांधाचा एखादा तुकडा उघडाच राहू द्या, नांगर घालू नका, एकट्यानं राहणाऱ्या कितीतरी माश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. फवारणी करायचीच असंल तर दिवस मावळताना. आन तरवडावर हिरव्या अळ्या दिसल्या तर मारू नका, फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या असतात त्या.

बालाघाटवाला:
लई आभार. राहिलेलं बी आज रात्रीच भिजवतो. ताई, निरगुडीच्या काड्या आत्ताच लावल्या तर चालंल का?

रानफूल परभणी:
चालंल की, पाऊस हाय तवर लावून टाका. बोटाएवढी जाड, वीतभर काडी घ्या, निम्मी मातीत जाऊ द्या. ओढ्याकडच्या बांधाला लावा, तिथं लवकर धरंल.