मदत हवी आहे: सर्वांत जवळची केस मिळते, पण उपाय चुकतो (केस-बेस्ड रीझनिंग)

नमस्कार मंडळी,

पंपांच्या बिघाडाचं निदान सुचवणारी एक प्रणाली आम्ही दोघं मिळून बांधतोय. पद्धत केस-बेस्ड रीझनिंगची: नवा बिघाड आला की जुन्या नोंदींत त्याच्याशी मिळताजुळता शोधायचा आणि तेव्हा जे केलं होतं ते सुचवायचं. नोंदी ८०० च्या आसपास आहेत. एवढ्यावर न्यूरल नेटवर्क नीट शिकेल असं वाटलं नाही. शिवाय दुरुस्ती करणाऱ्याला "मागे असंच झालं होतं, तेव्हा हे केलं" असं जुनी नोंद समोर ठेवून सांगता यावं, ही आमची मूळ गरज.

आता अडचण. मागच्या आठवड्यात एक केस आली. पंपातून खडे घुसळल्यासारखा आवाज, कंपन वाढलेलं, सक्शनचा दाब पडलेला, बेअरिंगचं तापमान मात्र नेहमीइतकंच. प्रणालीने जी जुनी केस पुढे केली तिच्यात मॉडेल, वय, मोटरची ताकद, चाललेले तास, आवाज आणि कंपन असं सगळं जुळत होतं. ८ पैकी ६ रकाने जुळले, म्हणजे साम्य ०.७५. उपाय: बेअरिंग बदला. पंप उघडला तर बेअरिंग ठणठणीत. सक्शनची गाळणी कचऱ्याने बंद झालेली. गाळणी तुंबल्याची केस आमच्याकडे होती, पण वेगळ्या मॉडेलच्या, बऱ्याच जुन्या पंपाची. तिचे ४ च रकाने जुळले, त्यामुळे ती ०.५० वर मागे राहिली. ज्यांनी आमच्या शब्दावर पंप उघडला त्यांचा अख्खा दिवस गेला, हे मला फार लागलंय.

आणखी दोन गोष्टी. पुष्कळ नोंदींत रकाने रिकामे आहेत. ते आम्ही हिशोबातून वगळतो, तर अर्धवट नोंदीच वर येऊन बसतात. आणि प्रत्येक नवी केस सुचवलेल्या उपायासकट आपोआप साठवतो, तरी सुधारणा होण्याऐवजी उत्तरं बिघडत चालली आहेत. नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

तुमचं सूत्र "हा पंप कोणत्या पंपासारखा?" एवढंच सांगतंय. तुम्हाला विचारायचंय ते "हा बिघाड कोणत्या बिघाडासारखा?" सगळ्या रकान्यांना सारखंच वजन दिलं की पंपाची ओळख लक्षणांवर मात करते.

तुमचंच उदाहरण घ्या. मॉडेल, वय, ताकद, तास यांना प्रत्येकी १. आवाज आणि कंपन यांना प्रत्येकी २. सक्शनचा दाब आणि बेअरिंगचं तापमान यांना प्रत्येकी ५. एकूण १८. बेअरिंगवाल्या केसला मिळतात ८, म्हणजे ०.४४. गाळणीवालीला १४, म्हणजे ०.७८. क्रम उलटला.

वजनं कुठून आणायची? दुरुस्ती करणाऱ्याजवळ बसा आणि एकेक रकाना दाखवून विचारा, "हे वेगळं असतं तर तुम्ही काही वेगळं केलं असतं का?" उत्तर "नाही" आलं तर वजन कमी. मग तपासणी: एकेक नोंद झाकायची, बाकीच्या नोंदींवरून तिचा उपाय काढायचा आणि खऱ्याशी ताडून पाहायचा. वजनं पूर्णपणे यंत्रावर सोडू नका. एखाद्या दुर्मीळ बिघाडाच्या दोन-तीनच नोंदी असतील, तर यंत्र तेवढ्यापुरतीच वजनं जुळवून मोकळं होतं.

एक मात्र आहे. एकच वजन सगळीकडे चालत नाही. आवाजाच्या तक्रारीत सक्शनचा दाब निर्णायक, सील गळत असेल तर तो बहुधा बाजूलाच ठेवावा लागेल. म्हणून आधी तक्रारीनुसार गट करा. फिलिस कोटन यांची १९८८ ची केसी ही प्रणाली हृदयरुग्णांच्या निदानासाठी होती. दोन रुग्णांत फरक दिसला की तो कारणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे का, हे ती शरीराच्या कार्यकारणाच्या प्रतिमानावरून तपासायची. तुमच्याकडे तसं प्रतिमान नसलं तरी "दाब कमी आणि बेअरिंग थंड, तर बेअरिंगच्या केसेस मागे ढकला" असे पाच-सहा नियम लिहिता येतील.

रिकाम्या रकान्यांचं कारण सरळ आहे. ३ च रकाने भरलेले आणि तिन्ही जुळले तर ३ भागिले ३, म्हणजे पूर्ण १. भागाकार सगळ्या रकान्यांच्या वजनाने करा. नव्या केसमध्येच निर्णायक रकाना रिकामा असेल तर अंदाज न बांधता प्रणालीने तो विचारावा: "सक्शनचा दाब किती आहे?"

प्रतिसाद २

तिसऱ्या मुद्द्याबद्दल. आमोट आणि प्लाझा यांच्या १९९४ च्या लेखात या पद्धतीचं चक्र चार पायऱ्यांचं आहे: जुनी केस शोधणं, तिचा उपाय वापरणं, तो तपासून दुरुस्त करणं, मग साठवणं. तुमची तिसरी पायरी गळली आहे. सुचवलेला उपाय चुकीचा निघाला तरी तो सोडवलेली केस म्हणून आत जातो, पुढच्या वेळी तोच वर येतो आणि त्याची आणखी एक प्रत साठते. एक चूक स्वतःलाच साक्षीदार गोळा करत राहते. "खरंच काय सापडलं?" हा रकाना माणसाने भरल्याशिवाय काहीही साठवू नका. आपोआप साठलेल्या जुन्या नोंदीही शोधातून बाजूला काढा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नोंदी झाकून चाचणी घेतली. गाळणीच्या केसेस आता बरोबर वर येतात. आपोआप साठलेल्या नोंदी वेगळ्या केल्या, त्यांत तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली, अगदी तुम्ही म्हणालात तशी.

आणखी एक विचारतो. बेअरिंगच्या एकसारख्या नोंदी फार आहेत. वर्षभरात एकदाही न वापरलेल्या नोंदी काढून टाकल्या तर चालेल का?

प्रतिसाद २

वापरावरून काढू नका. दुर्मीळ बिघाडाची नोंद वर्षभर वापरली जात नाही, पण तो बिघाड येईल तेव्हा ती एकटीच उपयोगी पडते. स्मिथ आणि कीन यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं: एखादी केस काढली तर कोणते प्रश्न सुटेनासे होतात, ते पाहून ठरवायचं. बेअरिंगच्या शंभर सारख्या नोंदींतली एक काढली तर उरलेल्या तिचा भार घेतात. तिथूनच सुरुवात करा. प्रत्येक वेळी थोड्या काढा आणि झाकून घेण्याची तीच चाचणी पुन्हा लावा. अचूकता घसरली की थांबा, शेवटच्या काढलेल्या परत ठेवा.