'अनुकूलन' की 'नजर बसणे'?

गोदाकाठ (परभणी): मेंदू आकार कसे ओळखतो, यावरचा लेख मराठीत आणतोय. 'अ‍ॅडाप्टेशन'वर अडलंय. उभट लंबवर्तुळाकडे थोडा वेळ टक लावून पाहिलं, की मग समोर आलेलं खरं वर्तुळ आडवं फाकल्यासारखं दिसतं. 'अनुकूलन' लिहिलं तर पोरांना वाळवंटातला उंट आठवतो. 'समायोजन' दहावीच्या पुस्तकानं डोळ्याच्या भिंगाला देऊन टाकलंय.

मांजरा (लातूर): 'डोळे सरावणे' लिहा की. वेरूळच्या लेण्यात शिरलं की आधी अंधार, मग डोळे सरावतात.

गोदाकाठ: तिथं सरावल्यावर नीट दिसतं. इथं सरळ आहे तेच वाकडं दिसतं! गिब्सन या मानसशास्त्रज्ञाचं काम १९३३ चं. लोलकाच्या (प्रिझमच्या) चष्म्यातून सरळ कडा बाकदार दिसायच्या, घालून वावरलं की बाक कमी वाटायचा, आणि चष्मा काढला की सरळ कडा उलट बाजूला वाकायच्या. नुसत्या वक्र रेषेकडे बघत राहिलं तरी तसंच होतं.

ओळंबा (अंबाजोगाई): आमचे वडील गवंडी. कललेल्या भिंतीपुढं बराच वेळ काम झालं की म्हणायचे, "नदर बसली, ओळंबा सोड." कललेलं सरळ वाटायला लागतं, मग सरळ भिंत दुसरीकडं झुकलेली दिसते. तुमचं सगळं यात आलं.

जुना मास्तर (नांदेड): बोलायला छान आहे. पण 'नजर' मुळात अरबी, आणि संज्ञेचे समास व्हावे लागतात. 'दृष्टी-अनुकूलन' घ्या, त्यावरून 'आकार-अनुकूलन' होतं. 'नजर बसणे'चं काय करणार?

मांजरा: मास्तर, अरबी म्हणून काढायची तर 'नजरचूक' कुठं ठेवू? तोही समासच आहे. शास्त्र गवंड्याच्या पोराला कळावं म्हणूनच मराठीत आणायचं ना?

जुना मास्तर: त्या पोरानं पुढं संशोधन करावं असंही मला वाटतं. तेव्हा त्याला नेमकी संज्ञा लागेल. हा हट्ट मी सोडणार नाही.

गोदाकाठ: चष्मा काढल्यावरच्या उलट्या बाकाला वेगळा शब्द हवाय. 'उत्तरपरिणाम' कसा वाटतो?

कयाधू (हिंगोली): ओळंबा दादा, आमच्याकडं 'नदर लागली' म्हणजे लेकराला दृष्ट लागली. 'नदर बसली' कामावर कधी ऐकलं नाही. सुतारही म्हणतात का?

ओळंबा: सुतारांकडून नाही ऐकलं. ते एक डोळा मिटून फळीची कड बघतात. फरशीवाले म्हणतात, पण ते मूळचे केजकडचे.

कयाधू: मग हा शब्द बीडकडचा असेल. धाराशिवचं कुणी आहे का इथं?