फुकटचं हिशोबाचं अ‍ॅप: बदल्यात आपलं नेमकं काय जातं?

टॉवेलवाला: सोलापूरच्या चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. एक एजंट येऊन उधारीचं अ‍ॅप फुकट टाकून देऊन गेला. उघडलं की फोनबुक, एसएमएस, लोकेशन, सगळ्याला परवानगी मागतंय. आमचे अण्णा म्हणतात, फुकट कोण देतंय रे? चुलतभाऊ म्हणतो, आपल्या माहितीला कोण विचारतंय बे, आपण काय अंबानी आहोत का? या माहितीची किंमत पैशात सांगता येईल का कुणाला?

सात_रस्ता: थोडंफार येतं. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकची माणशी कमाई अमेरिका-कॅनडात ६८ डॉलर होती, आशिया-पॅसिफिकमध्ये साडेपाच. म्हणजे तीन महिन्यांचे साडेचारशे रुपये. आपण खर्च कमी करतो, म्हणून जाहिरातवालाही आपल्यामागे कमी मोजतो. तुमचा चुलतभाऊ अगदीच चूक नाही.

गड्डा_फॅन: व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये वर्षाचा डॉलर घेणं बंद केलं तेव्हा कुणी तक्रार केली होती का? आपण तर फुकटच वापरणार.

हिशोबनीस: साडेचारशे हा जाहिरातीचा भाव झाला, उधारीच्या वहीचा नाही. मी अशोक चौकातल्या दोन-चार कारखानदारांची खाती लिहितो. कुठला व्यापारी किती दिवसांनी पैसे सोडतो, कुणाला कोणता दर लावलाय, गड्ड्याच्या यात्रेआधी कोण किती गठ्ठे उचलतो, हे कारखानदार सख्ख्या भावालाही दाखवत नाही. कर्ज देणाऱ्याला मात्र नेमकं हेच हवं असतं. शिवाय त्यातली निम्मी माहिती तुमची नाहीच, गिऱ्हाइकांची आहे. त्यांना कुणी विचारलं?

कर्जाच्या अ‍ॅपनी फोनबुक आणि कॉल लॉगला हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितलंय. तुमचं अ‍ॅप हिशोबाचं आहे म्हणून सुटतं, पण आत कुठे 'झटपट कर्ज' असं बटण आहे का बघा. आणि एसएमएस आधी बंद करा. बँकेतली शिल्लक त्यातच येते.

टॉवेलवाला: बटण आहे ओ, खाली उजवीकडे, हिरवं. एसएमएस आणि फोनबुक दोन्ही नाकारलं. बिलं तरी बरोबर निघतायत. मग मागत कशाला होतं? एजंटला फोन लावला तर म्हणतो, "सगळेच देतात की हो शेठ."

हिशोबनीस: सगळ्यांच्या वह्या एकत्र झाल्या की त्याच्या कंपनीला अख्ख्या चाटी गल्लीची उधारी कळते. गिऱ्हाइकांची नावं टोपणनावाने टाका, नंबर टाकूच नका.