वानवळा: भेट, उसनवारी की आणखी काही?

रावेरकर:
आमच्याकडे केळीची कापणी झाली की दोन-चार फण्या शेजारी जातात. दादर ज्वारीचा हुरडा, भरताची वांगी, तुरीच्या शेंगा यांचंही तसंच. याला आम्ही वानवळा म्हणतो. पुण्यातल्या सहकाऱ्याला अर्थ 'भेट' असा सांगितला, तर म्हणाला, "तेही तुला काही देत असतीलच की. म्हणजे देवाणघेवाणच." या शब्दात परतफेड धरलेली आहे का?

चाळीसगावकर:
नाही. परतफेडीचे शब्द वेगळे आहेत आणि चांगले कडक आहेत. उसनी वाटीभर साखर नेली तर वाटीभरच आणून द्यायची. सावड म्हणजे आज तुमच्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तुम्ही. आहेर तर वहीत लिहितात आणि त्यांच्या घरच्या लग्नाला निघताना ती वही उघडतात! वानवळ्याची वही मी तरी पाहिली नाही. 'वानवळा फेडला' हे कानाला खटकतं. फेडतात ते कर्ज, नवस, पांग.

धुळेकर:
थांबा जिभाऊ. आमनी माय कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर टाकते. ही परतफेड नाही तर काय?

चाळीसगावकर:
चिमूटभर साखरेनं किलोभर वांगी फिटतात का? ती भांड्याची रीत झाली. बाकी, ज्याच्याकडून कधीच काही येत नाही त्याला गाव नावं ठेवतं, हे मान्य. पण ज्याला शेतच नाही त्याच्याही घरी वानवळा जातो. तिथून शेंगा येतील असं कुणी धरत नाही.

रावेरकर:
मग दान म्हणू?

चाळीसगावकर:
शेजाऱ्याला म्हणून बघा, भांडण होईल. गीतेत (१७.२०) सात्त्विक दान 'अनुपकारिणे', म्हणजे जो उलट उपकार करणार नाही त्याला, असं आहे खरं. पण बोलण्यात दान म्हटलं की देणारा वर चढतो. वानवळ्यात तसं नाही.

जळगावकर:
दस्तांच्या कामात आहे म्हणून सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम १२२: बक्षीस स्वखुशीनं आणि विनामोबदला हवं. मात्र घेणाऱ्यानं ते स्वीकारलंही पाहिजे. वानवळ्याचंही तेच. नको म्हणून परत पाठवला तर बोलणं बंद.

धुळेकर:
पटलं. आमच्याकडे आणखी एक वापर आहे. "यंदा हरभरा कसा?" "वानवळ्यापुरता." म्हणजे बाजारात न्यायला काहीच नाही.