कुडाळात फिडे रेटेड बुद्धिबळ स्पर्धा: एंट्री फी किती ठेवावी?

कुडाळकर_प्यादं
आमच्या क्लबची दर मे महिन्यात एक दिवसाची अनरेटेड रॅपिड (झटपट डावांची स्पर्धा) असते, फी २०० रुपये. यंदा क्लासिकल (लांब डावांची) फिडे रेटेड घ्यायचं चाललंय, म्हणजे निकाल जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेच्या रेटिंगला (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) धरले जातील. ५ दिवस, ९ फेऱ्या, ९० मिनिटं आणि चालीमागे ३० सेकंद. खर्च १,०५,००० धरलाय, एंट्री ७०, म्हणून फी १५०० येते. पालक म्हणतात एवढी कशाला? आणि १६५०-१७०० रेटिंगवाले म्हणतात, पोरांकडून रेटिंग कापून घ्यायला आम्ही येत नाही. सत्तरात रेटेड (आधीच रेटिंग असलेले) १२च आहेत. फी आणि गट कसे ठरवू?

काळा_उंट
१५०० चं जाऊ दे, खरी अडचण त्या १२ ची आहे.

पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान ५ डाव व्हावे लागतात. अनरेटेड विरुद्ध अनरेटेड डाव रेटिंगला धरतच नाहीत. आता तुझं स्विस बघ, म्हणजे दर फेरीत सारख्या गुणांच्या जोड्या लावायची पद्धत. ७० जणांत पहिल्या फेरीत १ नंबर ३६ शी, २ नंबर ३७ शी. म्हणजे १२च पोरांसमोर रेटेड माणूस बसणार. दोन फेऱ्यांनंतर हे बाराजण वरच्या पटांवर एकमेकांतच खेळतात. खालच्या पोराला नऊ फेऱ्यांत जेमतेम एक-दोन रेटेड मिळाले तरी नशीब. पालकांनी १५०० भरायचे आणि रेटिंगच्या नावाने शून्य, मग बोंब होणारच.

तेव्हा रेटेड लोकांना अर्धी फी कर, म्हणजे जास्त येतील. ३० रेटेड गुणिले ७५० म्हणजे २२,५००. ५५ अनरेटेड गुणिले १५०० म्हणजे ८२,५००. तेवढेच १,०५,००० जमतात. ८५ ला ४२ पट लागतील, घड्याळांचे सेल आधी बदलून घे. एवढे रेटेड सिंधुदुर्गात शोधत बसू नकोस. गोवा आणि कोल्हापूरच्या क्लबांना परिपत्रक पाठव, गोव्याहून तर कोकण रेल्वेने थेट येता येतं.

अडीच_घरं
पालकांना आकडेच दाखवा, नुसतं समजावून उपयोग नाही. पहिल्या रेटिंगच्या हिशेबात फिडे १८०० च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी दोन बरोबऱ्या मिळवते. पाच प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १५०० असेल तर सातांची १५८६ होते. पोराने ५ पैकी १ गुण घेतला की ७ पैकी २ धरतात, म्हणजे २९ टक्के. फिडेच्या तक्त्यात त्याला वजा १५८, रेटिंग १४२८. अर्धाच गुण घेतला तर वजा २३०, येतात १३५६. मार्च २०२४ पासून किमान मर्यादा १४०० आहे, म्हणून पोरगं अनरेटेडच राहतं.

पाचही डाव एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही, २६ महिन्यांत जमवता येतात. मात्र पहिल्याच स्पर्धेत रेटेडविरुद्ध शून्य गुण असले तर ते डाव धरत नाहीत.

आडवा_हत्ती
जुन्या खेळाडूंची तक्रार खोटी नाही हो. १७०० विरुद्ध १५०० मध्ये १७०० वाल्याकडून ०.७६ गुणाची अपेक्षा असते. त्याचा के (एका डावाने रेटिंग किती हलतं तो गुणक) २०, म्हणून हरला की १५.२ जातात, बरोबरी झाली तरी ५.२. समोरच्या १८ च्या आतल्या पोराचा के ४०, त्याला जिंकल्यावर ३०.४ मिळतात. आपल्याकडची पोरं वर्षातून एखादीच रेटेड खेळतात, त्यामुळे १५०० लिहिलेला पोरगा पटावर १७०० चा निघतो. यावर इलाज एकच, रेटेड स्पर्धा वाढवणे. तोवर त्यांना सांगा की अनरेटेडशी हरल्यावर रेटिंग हलत नाही. आणि १६०१ ते १८०० असा वेगळा बक्षीस गट ठेवा, मग येतील.

बिलो १६०० (१६०० च्या खालच्यांचा) बक्षीस गट ठेवणार असाल तर परिपत्रकात कोणत्या महिन्याची रेटिंग यादी धरणार ते लिहा, यादी दर १ तारखेला बदलते. शिवाय "गेल्या १२ महिन्यांतलं सर्वोच्च रेटिंग १७०० च्या आत" ही अट घालाच. रेटिंग मुद्दाम पाडून बक्षिसाला येणारे असतात, आणि फिडेच्या साइटवर प्रत्येकाचा आलेख उघड दिसतो. अनरेटेडना त्या गटात रोख बक्षीस नको, त्यांना वेगळ्या ट्रॉफ्या.

काळा_उंट
एक राहिलं. "गॅरंटीड" रोख रक्कम छापलीस तर ५० एंट्री आल्या तरी द्यावी लागेल. ७० च्या हिशेबात २० कमी म्हणजे ३०,००० ची खोट, ती क्लबच्या डोक्यावर. रोख थोडी ठेव, ट्रॉफ्या वाढव. एंट्री दोन दिवस आधी बंद कर, नाहीतर खेळाडूंचे फिडे आयडी (नोंदणी क्रमांक) शोधण्यात पहिली फेरी दुपारी सुरू होते. स्पर्धेची नोंदणी संघटनेमार्फत आधीच व्हायला लागते, रेटिंग शुल्काचा चालू दरही तिथेच विचार. आणि इन्व्हर्टर असलेलाच हॉल घे रे बाबा, मे महिन्यात पंखे बंद पडले तर चार तासांचा डाव कोण खेळेल?

कुडाळकर_प्यादं
रेटेडना ७५० ठरलं. गोव्याला उद्याच फोन करतो, परिपत्रक शिमग्याआधी निघेल. आडवा_हत्तीदादा, ती १२ महिन्यांची अट तुमच्याच शब्दांत टाकतोय.