सेवारस्त्याचे काम निघण्याआधी गल्ल्यांसाठी काय मागावे?

प्रश्न: चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी स्फोटकांनी पाडला गेला आणि नवी रचना १२ ऑगस्ट २०२३ रोजी खुली झाली, वाहनांची कोंडी बरीच सुटली, हे मान्य. आता पुण्यातच आमच्या सोसायटीपुढील सेवारस्त्याचे, म्हणजे मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या स्थानिक वाहतुकीच्या रस्त्याचे, काम निघणार आहे. निवेदनात नेमके काय मागावे?

उत्तर १: आधी पायी चालणाऱ्यांची वाट मागा. मुंबईच्या बसमधून उतरलेले एक आजोबा, हातात पिशवी घेऊन, कोथरूडकडे कुठून जायचे ते विचारत चांदणी चौकात पुलाखाली उभे असलेले मी पाहिले आहेत. गाडीला जो वळसा दोन मिनिटांचा, तोच त्यांना अर्ध्या तासाचा.

उत्तर २: सहमत, मात्र प्रत्येक गल्ली थेट सेवारस्त्यावर उघडावी, असा हट्ट धरू नका, कारण जितकी तोंडे अधिक, तितके अपघाताचे धोके अधिक. दोन-तीन गल्ल्या आतून जोडून एकच रुंद तोंड मागावे. दुभाजकातील वळण्याची वाट फार लांब गेली, तर दुचाकीस्वार उलट दिशेनेच येणार, हे नकाशावर दिसत नाही.

उत्तर ३: खोदकाम चालू असतानाही अग्निशमन बंब वळेल एवढी जागा लेखी मागा.